पाहुण्यांचा डावा गुडघा

रविवार, ९ फेब्रुवारी

सेमीफायनलची पहिली लढत, एक-एक. बरोबरी! आणि आज मी सगळ्यात जास्त वेळ कोणाबरोबर घालवला? समोरच्या टीमच्या खेळाडूबरोबर.

सत्तराव्या मिनिटाला झालं. त्यांची नऊ नंबर, स्ट्रायकर. आमच्या बॅकला चकवून आत वळली. कोणी बोटही लावलं नव्हतं. डावा पाय गवतात रोवला गेला, अंग वळलं, पाय वळलाच नाही. ती खाली बसली. पडली नाही — बसली. दमून कोणी पायरीवर टेकतं ना, तशी. ओरडणाऱ्यांची मला काळजी वाटत नाही. इतक्या वर्षांत शिकले ते एवढंच — गप्प बसणाऱ्यांची वाटते.

मॅच संपली. आमच्या मुली पाणी पीत होत्या. तेवढ्यात त्यांच्या कोचबाई आमच्या बेंचपाशी आल्या. साठीच्या असतील. गळ्यात शिट्टी आणि चष्मा, दोन्ही एकाच दोरीला. "बाई, जरा बघता का हो? आमच्याकडे बघणारं कोणी नाही." खरंच नाही! त्यांच्याकडे फिजिओ म्हणजे एक बॅग, बॅगेत बँडेज आणि थंड स्प्रे. मैदानावरचे डॉक्टर आमच्या गोलकीपरचा ओठ शिवत होते. मी गेले.

पाहुण्यांची ड्रेसिंग रूम मी आज पहिल्यांदा आतून पाहिली. आमच्या खोलीच्या निम्मी. एक नळ गळतो. फरशीवर ओले मोजे, चिखल. लाकडी बाकावर ती आडवी, डोक्याखाली कुणाचं तरी गुंडाळलेलं जॅकेट.

"डॉक्टर?"

"नाही, फिजिओ."

"कोणाची?"

"समोरच्यांची."

"झालं! म्हणजे पाय शत्रूच्याच हातात."

मुली हसल्या. तीही हसली, पण ओठ पांढरे होते.

एकतीस वर्षांची. पोटापाण्यासाठी शहर-बस चालवते, त्यांच्या गावात, चार नंबरचा रूट. टीममध्ये सगळ्या तिला 'बसवाली'च म्हणतात. मी विचारलं, वळताना आतून आवाज आला का? म्हणाली, "तुमचे तीन हजार लोक बोंबलत होते. त्यात माझ्या गुडघ्याचं कोण ऐकतंय!"

आधी उजवा पाहिला, मग डावा. तासाभरात टम्म फुगलेला. इतक्या लवकर सूज म्हणजे बहुतेक आत रक्त. वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे बुजलेले. गुडघा जरासा वाकवला, एका हाताने मांडी धरली, दुसऱ्याने नडगी, आणि नडगी पुढे ओढली. उजव्या पायाला ती ओढली तर मध्येच टक्कन थांबते — दोरी ताणल्यासारखी. डावीकडे थांबलीच नाही. येत राहिली, मग कुठेतरी मऊ अडकली. तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तेच.

सांगितलं. स्पष्टच सांगितलं — गुडघ्याच्या आतलं पुढचं लिगामेंट तुटलंय असं वाटतंय. ऐंशी टक्के. स्कॅन केल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही. पण पुढच्या रविवारी दुसऱ्या लढतीत खेळू नकोस.

नळ तेवढा ठिबकत होता. मग मागून कुणीतरी — हळूच, पण मला ऐकू जाईल इतक्या जोरात — "हे म्हणणारच की."

माझे कान तापले. मला सुचलंच नव्हतं हे! देवाशपथ, पायाला हात लावल्यापासून त्या पायाचा शर्ट कोणत्या रंगाचा आहे हे मी विसरले होते. कोचबाईंनी चष्मा पुसला. "नाही, म्हणजे... बाई, तुम्ही अगदी मनापासूनच सांगत असाल. पण तुम्हीच समजून घ्या..."

बर्फ बांधला. कुबड्या आमच्या कपाटातल्या दिल्या. बसवाली छताकडे बघत होती.

सोमवार, १० फेब्रुवारी

सकाळी कोच जिममध्ये शिरले ते टाळ्या वाजवतच. आमचे कोच म्हणजे उत्साहाचा धबधबा. माझ्याजवळ येऊन, आवाज खाली आणून — "मॅडम, सुंठीवाचून खोकला गेला!"

मला कळलंच नाही.

"त्यांची नऊ नंबर हो! तिच्याशिवाय ती टीम म्हणजे बिनचाकाची गाडी. तुम्ही तर कमालच केलीत. मी तुम्हाला इतके दिवस साध्या समजत होतो."

"सर, तिचा गुडघा खरंच गेलाय. मी खरं तेच सांगितलं."

"हो हो! खरंच तर सांगितलंत!" — आणि डोळा मारला.

वीस वर्षांत त्यांनी माझं असं तोंड भरून कौतुक केलं नव्हतं. आणि केलं तर कशाचं! दिवसभर टेप कापताना कात्री नीट चालेना.

घरी सासूबाई. वय चौऱ्याहत्तर, आमच्या टीमची एकही मॅच सोडत नाहीत, रेफ्रीला टीव्हीतून शिव्या देतात. त्यांना सगळं सांगितलं. म्हणाल्या, "कोच हलकट आहे. पण अगं, ती नसेल तर आपण फायनलला जाऊ ना?" मी बघत राहिले तशा ओशाळल्या. "विचारलं आपलं. मनात येतंच ना गं माणसाच्या."

येतं. माझ्याही आलं असेल का? रविवारी नाही. आज — क्षणभर आलं. लिहून टाकते म्हणजे बरं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

स्कॅनसाठी सगळीकडे फोन. त्यांच्या गावातली वेळ पुढच्या सोमवारी सकाळी, हाडांचे डॉक्टरही तिथे सोमवारीच येतात. आमच्या इथे त्याच्याही नंतर. ओळखीच्या दोघांना गळ घातली — "बघतो", म्हणजे नाही. म्हणजे मॅच रविवारी आणि स्कॅन सोमवारी. वरातीमागून घोडं!

बुधवार, १२ फेब्रुवारी

दुपारी बसवालीचा फोन. मी एका मुलीच्या घोट्याला पट्टी बांधत होते, ती तशीच अर्धी सोडली.

"मॅडम, सूज उतरली."

"उतरणारच."

"कुबड्या काल ठेवून दिल्या. आज ड्युटीवर गेले."

"काय?"

"चार फेऱ्या मारल्या. डावा पाय क्लचवर, मॅडम! दिवसभरात हजार वेळा दाबते मी तो. एकदाही कळ आली नाही. तुटलेल्या गुडघ्याने क्लच दाबता येतो?"

येतो. हेच तर तिला समजावत बसले. सरळ चालायला, जिना चढायला, क्लच दाबायला ते लिगामेंट फारसं लागतच नाही. ते लागतं वळताना. धावता धावता थांबून दिशा बदलताना. म्हणजे ती जे करण्यासाठी टीममध्ये आहे, नेमकं तेव्हा.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मॅडम, रागावू नका. एक विचारू? मी तुमच्या टीमची असते तर हेच सांगितलं असतं?"

"हेच."

"कोचबाई म्हणतात, पट्टी बांधून अर्धा तास तरी खेळवू. मुली म्हणतात, त्या बाईने तुला बनवलं. घरी आत्या तर... जाऊ दे. अकरा वर्षांत आमची टीम पहिल्यांदा इथवर आली. माझ्या बसमधले लोक येणार आहेत सगळे. मी कोणाचं ऐकू?"

मी चिडले. चिडायला नको होतं. म्हणाले, "माझं नको ऐकूस. गुडघ्याचं ऐक!"

"तो म्हणतोय खेळ," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

तिच्या जागी मी असते तर मीही नसता ठेवला विश्वास. मांजराने उंदराला तब्येत सांभाळ म्हणून सांगावं, तसं झालंय माझं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सासूबाई — "जगाचे गुडघे बघत हिंडतेस, घरातले दोन तसेच!" बसवून बघितले. झिजलेत, पण वयाच्या मानाने उत्तम. व्यायाम दाखवला. दोनदा करून म्हणाल्या, "पुरे. मला कुठे सेमीफायनल खेळायचीय."

मग चहा ओतताना सहज म्हणाल्या, "फोनवर कुणाचं मन वळत नाही. तोंड दाखवावं लागतं."

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

गेले! रजा टाकली, 'घरचं काम' म्हणून. कोचना खरं सांगितलं असतं तर त्यांना फेफरं आलं असतं. दोन तासांचा प्रवास. पूर्ण वाटेत एकच घोकत होते — शांत राहायचं, चिडायचं नाही.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार तिनेच उघडलं. आधी तिची चाल बघितली (सवय!). लंगडत नव्हती. आत पुढच्या खोलीत शिवणयंत्र, चिंध्या, धाग्यांची रिळं, एक मोठं कापड बेतायचं टेबल. यंत्रामागे तिची आत्या. आईवडील लवकर गेले, हिनेच वाढवलं — हे बसवालीने दाराशीच सांगून टाकलं होतं, 'जरा तिखट आहे' या सूचनेसकट. आत्याबाईंच्या ओठांत चार टाचण्या. हातात टीमचा नवा निळा शर्ट, पाठीवर नऊचा आकडा टाचून ठेवलेला, शिवायचा बाकी.

टाचण्या तोंडातच ठेवून म्हणाल्या, "बसा. चहा घेणार ना? घ्या. आम्ही विष घालत नाही. ते काम तुमच्याकडचं."

"आत्या!"

"काय आत्या? तुमची टीम, तुमची बाई, तुमचंच निदान. आणि आमची पोर घरात! वा! बरं आहे."

मी ठरवल्याप्रमाणे शांत राहिले. म्हटलं, एकदा पुन्हा बघू द्या, आता सूज नाही, आता जास्त चांगलं कळेल. आत्याबाईंनी टेबलावरचं कापड बाजूला सारलं. बसवाली त्या टेबलावर आडवी झाली. उशीला गिऱ्हाइकांच्या मापांची जाड वही. आत्याबाई डोक्याशी उभ्या, माझ्या हातांवर नजर रोखून.

पुन्हा तेच. मांडी धरली, नडगी ओढली. आली — सरळ आली पुढे, कुठेच टक्कन थांबली नाही. रविवारी दुखण्याने तिचे स्नायू आवळलेले होते, आज सैल. त्यामुळे आज तर जास्तच आली. आत्याबाईंना म्हटलं, तुम्ही हात ठेवा. उजवीकडे ठेवा, आता डावीकडे. त्यांनी ठेवला. शिवणारीचा हात, कापडाचा झोल कळणारा. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"नक्की?" बसवालीने विचारलं.

"नक्की," मी म्हणाले.

(रविवारी ऐंशी टक्के म्हणाले होते. आज 'नक्की'. मधल्या पाच दिवसांत ते वीस टक्के कुठे गेले? कोणी विश्वास ठेवत नाही म्हटल्यावर माणूस आवाज चढवतो, तसंच हे. पण हाताला लागलं ते तर खरं आहे.)

"आणि खेळलेच तर?"

"खेळशील. कदाचित अर्धा तास काहीच होणार नाही. मग एकदा वळशील, नडगी सटकेल आणि आतली गादी चिरडेल. ती पुन्हा येत नाही. आज ऑपरेशन करून पुढच्या वर्षी मैदानावर येऊ शकतेस. तेव्हा मात्र येणार नाहीस."

आत्याबाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या टाचण-उशीत खोचल्या. "एक सरळ सांगा. ही नाही खेळली तर तुमचं भलं होतं, खरं की नाही?"

"खरं."

"मग कशाला आलात इतक्या लांब?"

तयार करून आणलेली सगळी वाक्यं विसरले. जे तोंडाला आलं ते बोलले. आमच्या कोचनी माझी पाठ थोपटली ते सांगितलं. डोळा मारला तेही सांगितलं. त्यांना वाटतं मी डाव टाकला. तुम्हालाही तेच वाटतं. दोन्ही गावांत मी एकच बाई झालेय — लबाड. "तिकडे लबाड म्हणून शाबासकी आणि इथे लबाड म्हणून टोमणे. मला दोन्ही नको. मला फक्त हिचा गुडघा शाबूत हवा." शेवटी आवाज चिरकला. लाज वाटली — सत्तेचाळीस वर्षांची बाई, परक्याच्या घरात, चिंध्यांच्या ढिगाशेजारी.

बसवाली टेबलावर उठून बसली. मला वाटलं आता काहीतरी तिरकस बोलेल. म्हणाली, "डोळा मारला?"

"मारला."

"तुमच्या त्या जाड्या कोचनी?"

"हो."

ती हसायला लागली. आत्याबाईही. मग मीही! चहा गार झाला, आत्याबाईंनी दुसरा टाकला आणि बरोबर न विचारता बिस्किटं ठेवली.

निघताना ती स्टॉपपर्यंत सोडायला आली, मी नको म्हणत असतानाही. चार नंबरचीच बस आली. आज तिच्या जागी दुसरा ड्रायव्हर. बसमधली एक म्हातारी खिडकीतून ओरडली — "काय गं, रविवारी दोन गोल ना?" मागून कोणीतरी — "तीन! तीन!" बसवालीने हात हलवला. चेहरा हसरा. पण दुसऱ्या हाताने माझी बाही घट्ट धरली होती. बहुधा तिचं तिलाही कळलं नसावं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सकाळी मेसेज. "नाही खेळत. कोचबाईंना सांगितलं. मुली बोलत नाहीत माझ्याशी."

हुश्श! आणि तरी जेवण गेलं नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

जिंकलो. एक-शून्य. फायनल.

त्यांचं मैदान लहान, प्रेक्षक अगदी रेषेला चिकटून. एका बाजूला चार नंबरचे प्रवासी. नुसते ओळखू येत होते! म्हातारी, शाळकरी पोरं, एक नर्स गणवेशातच. त्यांनी निळ्या चादरीवर रंगवलेलं — 'चार नंबर, मध्ये थांबा नाही!' फलक आधीच रंगवून झाला असणार. वॉर्म-अपला ती दिसली नाही, तशी चादर हळूहळू खाली आली. मग बेंचवर ट्रॅकसूटमध्ये दिसली. कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. मी बूट बांधत बसले, बांधलेलेच.

आत्याबाई पण आल्या होत्या. इतक्या वर्षांत एकही मॅच पाहिली नाही म्हणे, छातीत धडधडतं म्हणून. आज ती खेळणार नाही, मग धडधड कशाची, म्हणून आल्या. आणि सगळ्यांत जास्त त्याच ओरडत होत्या.

त्या मुली काय खेळल्या! बिनचाकाची गाडी म्हणे! ऐंशीव्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य. मग त्यांच्या उजव्या विंगवरून एक बॉल आला — गोलसमोरून आडवा, गुडघ्याएवढा उंच, अगदी मंद. तिथे कोणीतरी असायला हवं होतं. बदली मुलगी आली धावत, एक पाऊल उशिरा. बॉल पलीकडे निघून गेला. मी बेंचकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि बघितलं. बसवाली उभी होती. हवेत पाय उचललेला. उजवाच.

शहाऐंशीला आम्ही कॉर्नरवरून घातला.

शेवटच्या शिट्टीनंतर कोच मला मिठी मारायला आले. मी बाटल्यांचा क्रेट उचलला, मध्ये धरला.

त्यांच्या ड्रेसिंग रूमशी गेले. का, माहीत नाही. दारातच कोचबाई. हात पुढे केला. डोळे लाल, पण म्हणाल्या, "तुम्ही परवा आलात हे कळलं मला. असं कोणी येत नाही." मागून बसवाली आली.

"ताई," म्हणाली. पहिल्यांदाच ताई! "तो बॉल बघितलात?"

"बघितला."

"डोळे मिटून घातला असता मी."

"पुढच्या वर्षी घाल."

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. त्यांचा निळा ट्रॅकसूट, माझा लाल. मुली बघत होत्या. एकीने येऊन माझ्या हातात माझ्या कुबड्या दिल्या — "या तुमच्या राहिल्या होत्या" — आणि जरा घुटमळून, "थँक्यू."

परतीच्या बसमध्ये सगळ्या गात होत्या. मी खिडकीशी. उदास नव्हते. खरं तर आठवडाभरात पहिल्यांदा मनाला बरं वाटत होतं. एक काम धड केलं, आणि ते समोरच्या माणसाला कळलं. रोज कुठे कळतं?

सासूबाईंनी दार उघडलं तेव्हा गळ्यात टीमचा मफलर. माझं तोंड बघून काढून ठेवला. म्हणाल्या, "ती बरी आहे ना गं?"

सोमवार, १७ फेब्रुवारी

अकरा वाजता तिचा फोन. आधी नुसते हुंदके. मला वाटलं, सगळंच गेलं.

"ताई, अख्खं आहे! लिगामेंट अख्खं आहे म्हणाले! ऑपरेशन नाही! नुसता आतून मुका मार!" रडत होती, हसत होती. मागे आत्याबाई कुणाला तरी मोठ्याने तेच सांगत होत्या.

मग हाडांचे डॉक्टर फोनवर आले. सभ्य माणूस. म्हणाले, गुडघ्याचं मागचं लिगामेंट तुटलेलं आहे, पण ते जुनं, पंधराएक वर्षांपूर्वीचं असेल. कधीतरी पडली असेल, तिला आठवतही नाही. त्यामुळे नडगी मुळातच थोडी मागे बसलेली. "तुम्ही पुढे ओढत होता तेव्हा ती फक्त आपल्या जागी येत होती, मॅडम. भल्याभल्यांना चकवतं." गुडघा वाकवून बाजूने पाहिलं असतं तर दिसलं असतं. बाजूने पाहायला दहा सेकंद लागतात. मी दोनदा तपासलं. दोन्ही वेळा वरूनच पाहिलं.

फोन पुन्हा तिच्याकडे.

मग एकदम हळू आवाजात — "ताई, म्हणजे मी काल खेळू शकले असते?"

"हो," मी म्हणाले.